"कुठले जाधव?"

परवाची गोष्ट. ओळखीचा एक मुलगा अंबरनाथ एमआयडीसीत कामाला लागला. त्याला रूम हवी होती. कॅम्प ५ मध्ये एकाकडे रिकामी होती, म्हणून मीच त्याला घेऊन गेलो. भाडं ठरलं, डिपॉझिट ठरलं, चहा आला. मग मालकांनी विचारलं, "पूर्ण नाव काय म्हणालात?" पोराने सांगितलं. शेवटी जाधव.

"कुठले जाधव?"

"लातूरचे, काका."

"ते झालं हो. पण कुठले?"

पोरगं गप्प झालं. त्याला प्रश्न कळला होता, मलाही कळला होता. दुसऱ्या दिवशी फोन आला, "रूम गावच्या पाहुण्यांना दिली." आज पंधरा दिवस झाले. "भाड्याने देणे आहे"ची पाटी अजून तिथेच लटकते आहे.

मित्रांनो, आज या "कुठले?"बद्दलच लिहायचंय. बघायला साधा प्रश्न. पण महाराष्ट्रात आडनावावरून जात कळेनाशी झाली की हाच प्रश्न बाहेर येतो.

मुळात एकच आडनाव इतक्या लोकांचं का असतं? जरा लांब कोरियात जाऊन येऊ. दक्षिण कोरियाची लोकसंख्या पाच कोटींच्या आसपास. त्यात एक कोटीहून जास्त लोक नुसते किम. किम, ली आणि पार्क ही तीन आडनावं मिळून जवळपास ४५ टक्के. सगळे एका आजोबाची लेकरं? अजिबात नाही. आडनाव ही पूर्वी तिथे राजघराण्याची आणि सरदारांची चीज होती. गुलामांना आणि गरीब रयतेपैकी कित्येकांना आडनावच नव्हतं. १८९४ च्या सुधारणांत जन्मावरची उच्चनीचता आणि गुलामगिरी कायद्याने गेली, १९०९ मध्ये प्रत्येकाची नोंदणी सक्तीची झाली. रजिस्टरात काहीतरी लिहायलाच हवं. मग लोकांनी मानाची, वजनदार आडनावं लिहून घेतली. त्याआधीही पैसे मोजून वंशावळीत नाव घालून घेणारे होतेच.

आता आपल्याकडे या. पाटील हे आडनाव नव्हतंच, ते पद होतं. कुलकर्णी, देशमुख, देशपांडे, चौगुले हीसुद्धा पदंच. महाराष्ट्रात गावं ४० हजारांहून जास्त, आणि गावोगाव पाटीलकी. एका पाटलाचे चार मुलगे, चौघांची भावकी, सगळे पाटील. गाव आगऱ्यांचं तर पाटील आगरी, गाव कोळ्यांचं तर कोळी. कुठे मराठा, कुठे कुणबी, कुठे लिंगायत, कुठे जैन, कुठे मुसलमानसुद्धा. महसुली पाटलाचं पद १९६२ च्या कायद्याने रद्द झालं, दप्तर तलाठ्याकडे गेलं. आडनाव तेवढं राहिलं. रयत शिक्षण संस्था काढणारे कर्मवीर भाऊराव पाटील जैन, क्रांतिसिंह नाना पाटील मराठा, आपल्या पट्ट्याचे दि. बा. पाटील आगरी. सांगा, यातले "खरे पाटील" कुठले?

गायकवाड घ्या. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड, आणि १९३० च्या काळाराम मंदिर सत्याग्रहात बाबासाहेबांबरोबर उभे राहिलेले दादासाहेब गायकवाड. शिंदे घ्या. सुशीलकुमार शिंदे मुख्यमंत्री झाले, एकनाथ शिंदेही झाले. आडनाव एक, समाज वेगळे. पवार मराठ्यांत आहेत, बंजाऱ्यांत आहेत, पारध्यांत आहेत. जाधवांचंही तसंच.

इथे लगेच कुणीतरी म्हणणार, "आमचं मूळचं, त्यांनी आमचं घेतलं." समजा घेतलं. मग? कोरियातल्या गुलामाच्या पोराने किम लिहिलं, आज त्याच्या खापरपणतूला कोणी उसना किम म्हणत नाही. आणि तुमचं तरी आभाळातून पडलं का? तेसुद्धा कधीतरी कुठल्यातरी दप्तरात कुणीतरी लिहिलेलंच आहे.

आता गंमत ऐका. कोरियातही "कुठले किम?" विचारतात. गिम्हेचे किम वेगळे, ग्योंगजूचे वेगळे. पण ते विचारायचे ते एका कुळात लग्न होऊ नये म्हणून. त्यासाठी कायदाच होता. १९९७ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला. तिथे प्रश्न होता, "तू माझ्या फार जवळचा तर नाहीस ना?" आपल्याकडे प्रश्न आहे, "तू माझ्यापासून फार लांबचा तर नाहीस ना?"

आपल्याच गावात बघा. सिंधी बांधवांच्या आडनावातलं "आनी" म्हणजे अमक्याचे वंशज. मीरचंदचे ते मीरचंदानी. मूळ पुरुष निराळा की आडनाव निराळं, म्हणून त्यांच्यात आडनावं ढीगभर. त्यांना कधी कोणी विचारलंय, "कुठले मीरचंदानी?" नाही. म्हणजे तुम्हाला गाव जाणून घ्यायचं नसतं. "लातूर" हे उत्तर मिळालं होतंच की.

काहीजण म्हणतील, सरकारच जात विचारतं, मग आम्ही विचारली तर काय बिघडलं? बिघडलं असं की सरकार आरक्षणाचा हक्क द्यायला विचारतं, तुम्ही रूम नाकारायला. दाखला द्यायला प्रांत आहेत, तपासायला पडताळणी समिती आहे. घरमालकाची नेमणूक या कामावर कोणी केली?

बीडमध्ये २०२५ साली पोलिसांच्या टेबलावरच्या पाट्यांवरून आडनावं काढली, नुसती पहिली नावं ठेवली. चांगलंच केलं. पण पाटी बदलून "कुठले?" जात नाही. तो तोंडात बसलेला आहे.

माझ्याही तोंडात आहे, खोटं कशाला बोलू. निवडणूक आली की आम्ही पत्रकार मतदार यादी घेऊन बसतो, आडनावं मोजतो आणि छापतो, या प्रभागात अमक्या समाजाची इतकी मतं. पाटील दिसला की आगरी धरा, पवार दिसला की मराठा धरा. ही आकडेमोड मीही केली आहे, आणि ती पत्रकारिता नव्हती. अडाणीपणा होता, तोही लोकांच्या जिवावर. यापुढे माझ्या बातमीत ती दिसली तर खुशाल इथे येऊन कान धरा.

१९४९ साली या गावाला उल्हासनगर नाव मिळालं, तेव्हा इथे होत्या लष्कराच्या बराकी आणि घरदार सोडून आलेली माणसं. आजही इथे पत्ता बॅरेक नंबरने सांगतात. सगळे कुठून ना कुठून आलेले. अशा गावात एका पोराला आडनाव सांगून खाली मान घालावी लागते, याची लाज त्याला नको, आपल्याला वाटली पाहिजे.

भाडेकरू घेताना जरूर चौकशी करा. आधार बघा, नोकरी विचारा, अॅग्रीमेंट करा, पोलीस ठाण्यात माहिती द्या. आणि तो "जाधव" म्हणाला की "बरं" म्हणा आणि किल्ली द्या.

पोराला अजून रूम मिळालेली नाही. कुणाकडे असेल तर इनबॉक्स करा. "कुठले?" न विचारता.