आमच्या वाघ्याचे काय चुकले?
(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यामुळे वावरला घरी गेलो की अर्ज लिहिण्यापासून गुरांच्या औषधापर्यंत सगळे प्रश्न माझ्यापुढे येतात. यंदाचा प्रश्न मात्र आमच्या कुत्र्याचा होता.

दिवाळीनंतर बाबा आणि दादा वीटभट्टीवर गेले. घरी आजी, आई, बाळंतीण वहिनी आणि ओट्यावर वाघ्या. बाळ जन्मले की आशाताईंनी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येऊन त्याला तपासायचे, वजन करायचे असते. सातव्या दिवशी ताई आल्या, तो वाघ्या दात विचकून खळ्यात उतरला. आजीने हाका मारल्या, काठी आपटली. व्यर्थ! ताई आल्या पावली परतल्या. पुढची दोन वजने आईने बाळाला उचलून अंगणवाडीत नेले तेव्हा झाली. १९९२ साली वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला होता. त्याच गावात एका बाळाचे वजन कुत्र्यापायी राहावे, हे मला हसण्यावारी नेता येईना.

सुट्टीत गेलो तेव्हा पाड्यावर सगळ्यांचा एकच सल्ला, “त्याला घरधनी कोण ते दाखव.” मीही दाखवला. गुरगुरला की फटका. चार दिवसांत गुरगुर थांबली आणि मी खूश झालो. पाचव्या दिवशी त्याने चकार आवाज न करता शेजारच्या काकांची पोटरी धरली. वास्तविक गुरगुर ही त्याची सूचना होती. मी सूचना तेवढी बंद केली, आतली भीती तशीच ठेवली. काकांची जखम साबण लावून पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याखाली धुतली आणि त्यांना लसीसाठी नेले. (जखमेत मिरची भरा म्हणणारेही जमले होते. रेबीजची लक्षणे एकदा दिसली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, हे त्यांना सांगता सांगता माझा घसा बसला.)

“घरधनी दाखव” हा सल्ला केवळ आमच्या पाड्याचा नाही. १९४७ साली रुडॉल्फ शेंकेल यांनी प्राणिसंग्रहालयातल्या कोंडलेल्या लांडग्यांची वरचढ होण्याची झुंज वर्णिली. डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या पुस्तकाने ती कल्पना जगभर नेली. पण १९९९ मध्ये मेक यांनीच लिहिले की रानातला कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्ले. म्हणजे आमच्यासारखेच एक घर! तिथे रोज कोण कुणाला राज्य मागतो?

वाघ्याच्या बाजूनेही पाहावे. पोस्टमन येतो, हा भुंकतो, पोस्टमन जातो. तो जाणारच असतो, पण वाघ्याच्या हिशेबी त्यानेच त्याला घालवले. अशी रोजची जीत कोण सोडेल? त्यात घरातले दोघे गडी अचानक नाहीसे झालेले आणि हा दिवसभर साखळीला.

मित्रांनो, आमच्या दारांना कुलपे नाहीत, शेळ्यांवर बिबट्याची नजर असते. त्यामुळे मुका कुत्रा आम्हाला नकोच आहे. त्याने भुंकावे, पण आपले माणूस ओट्यावर आले की गप्प बसावे, एवढेच मागणे.

मग त्याला परसात दोरीला बांधले. आईची मैत्रीण लांब बांधापाशी उभी राही, नजर न रोखता, अंग तिरके करून. ती दिसली की मी भाकरीचा तुकडा टाकी, ती गेली की तुकडे बंद. रोज चार पावले पुढे. वाघ्या ताठरला की तिने मागे सरायचे. (नामदेव महाराज भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले म्हणतात, मी तर कोरडीच देत होतो, तरी आजी कुरकुरली.) संध्याकाळी त्याला रानात फिरवून आणू लागलो. चावल्यामुळे दहा दिवस त्याच्यावर नजर ठेवायची होतीच. ते दिवस असे कामी आले.

बेचाळिसाव्या दिवशी ताई येण्याआधीच वाघ्याला परसात बांधले. तो दोनदा भुंकला, माझ्याकडे पाहिले आणि भाकरीकडे वळला. ताई ओट्यावर चढल्या. वहिनीने बाळाला झोळीत ठेवले आणि काट्याचा आकडा वाचायला मला पुढे बोलावले.