कोऱ्या रकान्यातली बाई

आमच्या सल्ला केंद्रातल्या केसेसच्या नोंदी वह्यांमधून संगणकावर गेल्या, तेव्हा आम्ही सगळ्याजणींनी सुटकेचा निःश्वास टाकला होता. गेल्या वर्षी अहवालासाठी मी एक यादी मागितली: 'पोटगी मिळते का?' या रकान्यात 'हो' नाही अशा सगळ्या बायका. यादी आली. पण आदल्याच आठवड्यात जिच्यासोबत मी कोर्टात गेले होते, जिला एक पैसाही मिळत नाही, तीच यादीत नव्हती.

तिचा अर्ज पडद्यावर उघडला. रकाना कोरा. यादीत आलेल्या दुसऱ्या एकीचा अर्ज पाहिला. तिचाही रकाना कोराच! मग एक आत आणि एक बाहेर, हे कसे?

प्रोग्रॅम लिहिणाऱ्या मुलीने समजावून सांगितले. पहिलीच्या रकान्याला कोणी हातच लावला नव्हता. तिथे संगणक 'नल' ठेवतो, म्हणजे 'ठाऊक नाही'. दुसरीच्या रकान्यात कोणीतरी काही लिहून पुसले होते. तिथे उरला रिकामा मजकूर: शून्य अक्षरांचा, पण मजकूरच. रिकामा मजकूर 'हो'पेक्षा वेगळा, म्हणून ती यादीत आली. पण जे ठाऊकच नाही ते 'हो'पेक्षा वेगळे आहे का? संगणकाचे उत्तर पुन्हा 'ठाऊक नाही', आणि असे उत्तर आलेली ओळ तो गाळतो. 'हो' म्हणणाऱ्यांची यादी मागा, तरीही ती येत नाही. दमयंतीला रानात टाकून जाणारा तो नल वेगळा, पण हाही बाईला मध्येच सोडतो, आणि आवाज न करता.

शिवाय सगळ्या प्रणाली सारख्या वागत नाहीत. पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल या दोन गोष्टी वेगळ्या ठेवतात. ऑरेकल रिकाम्या मजकुरालाही नलच मानते. म्हणजे प्रणाली बदलली की आपले आकडेही बदलू शकतात.

यावर आमच्यातल्या काहीजणी म्हणाल्या, 'सगळे रकाने सक्तीचे करून टाका.' मला हे मान्य नाही. 'नवऱ्याचे नाव' सक्तीचे केले की काय होते, ते मी स्वतः केले आहे. समोर एकटी राहणारी, लग्नच न केलेली बाई बसलेली, आणि संगणक पुढे सरकेना. मी एक टिंब टाकले. सक्तीने माहिती मिळत नाही, टिंबे मिळतात. मुलाच्या पालकत्वाच्या अर्जात अविवाहित आईवर वडिलांचे नाव सांगण्याची सक्ती करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये म्हटले. मग आपल्याच केंद्राच्या अर्जाने ती का करावी?

माझे म्हणणे असे, की कोऱ्या जागेवर अर्थाचे ओझे टाकूच नये. आपण विचारलेच नाही, तिला सांगायचे नाही, तिला प्रश्न लागूच नाही, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. 1970 मध्ये या पद्धतीच्या माहितीसाठ्याची मांडणी करणाऱ्या एडगर कॉड यांनी पुढे 1990 च्या पुस्तकात 'माहिती नाही' आणि 'लागू नाही' यांसाठी दोन वेगळ्या खुणा सुचवल्या होत्या. प्रत्यक्षात मात्र एकच नल रूढ झाला. म्हणून हा फरक आपणच करायला हवा.

तेव्हा प्रोग्रॅम करून देणाऱ्यांकडे आपण चार गोष्टी मागूया. अर्जात 'विचारले नाही', 'सांगायचे नाही' आणि 'लागू नाही' हे पर्याय उत्तरांसारखेच निवडता यावेत. रिकामा मजकूर साठवूच नये. तो आला तर त्याचा नल करावा. यादी काढताना नल असलेल्या ओळी वेगळ्या, नाव घेऊन मागाव्यात. आणि प्रत्येक तक्त्याखाली 'माहिती नाही' असलेल्या बायकांचा आकडा छापावा, म्हणजे बेरीज एकूण केसेसशी जुळते की नाही ते कोणालाही तपासता येईल.

'हे इंजिनिअरचे काम, आपले नाही,' असे म्हणून सोडून देऊ नका. शेतात राबणारी, घरात खपणारी बाई शिरगणतीत 'काम न करणारी' कशी होते, यावर आपण वर्षानुवर्षे भांडलो आहोत. कोणाला मोजायचे आणि कोणाला गाळायचे, हा प्रश्न तेव्हाही तांत्रिक नव्हता. तिचा रकाना कोरा राहिला, कारण आम्ही तिला विचारायचे विसरलो. आमची चूक तिच्या नावावर जाऊ नये, एवढे तरी आपण करू शकतो.