मेन्यूकार्ड कोण छापतं?

‘आयुष्य म्हणजे तुमच्या निवडींची बेरीज’ असं सांगणारी रील्स मला रोज दिसतात. पटत नाहीत. कोलशेत रोडवर सँडोझचा, पुढे क्लॅरियंटचा, रसायनांचा कारखाना होता. आयटीआय करून तिथे चिकटायचं की नाही, हे बाबांची पिढी ठरवू शकत होती. आज त्या जमिनीवर टॉवर आहेत. माझ्या मित्रानेही आयटीआयच केलं. तो टॉवरच्या गेटवर रजिस्टर सांभाळतो. निवड तीच, आयुष्य वेगळं. जमीन विकताना कोलशेतच्या पोरांना कुणी विचारलं नव्हतं. आपण निवडतो, मान्य. पण मेन्यूकार्ड दुसराच कुणी छापतो. म्हणून माझ्या मित्राला ‘तू चुकलास’ म्हणण्याआधी एवढंच सांगा: त्याच्यापुढे होतं काय?