टोपलीचे झाकण

आमच्या वर्गात दरवर्षी एक दिवस खेकडा येतो. म्हणजे मीच त्याला घेऊन येतो. दृष्टान्त म्हणजे काय हे समजावताना मी सांगतो, "मराठी खेकड्यांच्या टोपलीला झाकण लागत नाही. एक वर चढू लागला की दुसरा त्याचा पाय ओढतो." वर्ग हसतो, घंटा होते, आणि मी खडूचे हात झटकून बाहेर पडतो. इतकी वर्षे खेकड्याने याबद्दल कधी तक्रार केली नव्हती. ती त्याने गेल्या मे महिन्यात केली, आणि तीही माझा अंगठा धरून!

आमचे घर मालवणजवळ देवबागला. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत माडांखाली घरे. या घराच्या वाटणीवरून मी आणि माझा धाकटा भाऊ चार वर्षे बोलत नव्हतो. बोलत होते ते आमचे वकील. आईला हे सोसत नव्हते. अष्टमीच्या दिवशी भांगाचे संथ पाणी पाहून ती म्हणाली, "घरात बसान काय करतास? दोघय जावा नि चार कुर्ल्यो घेवन येवा."

मुंबई-अलिबागकडे जिला चिंबोरी म्हणतात, ती आमची कुर्ली. गळाला लागते तीही मोठ्या ऐटीत. मासा झटका देतो. कुर्ली नुसती जड होते. दोरी हळूहळू वर घ्यावी, तर बाईसाहेब आमिषाला मिठी मारून वर येतात आणि पाण्याबाहेर डोके निघताच मिठी सोडून चालत्या होतात. म्हणून खालून झोळीसारखे जाळे धरावे लागते. मी दोरी ओढत होतो, भाऊ जाळे धरत होता. दोन तासांत आम्ही चार शब्द बोललो असू, तेही कुर्लीशी.

तिसरी कुर्ली मी स्वतःच बांधायला गेलो. लहानपणी बांधत असे, या भरवशावर! तिने दोन्ही डेंगे उगारले, डोळ्यांच्या काड्या ताठ केल्या आणि डाव्या डेंग्यात माझा अंगठा धरला. मी ओरडून हात ओढला. तिने आणखी आवळला.

"दादा, ओढू नको!" भाऊ ओरडला. "जितक्या ओढशीत तितक्या आवळतली. हात पाण्यात घाल. ती आपसूक सोडतली."

मनगट धरून त्यानेच माझा हात पाण्यात घातला. क्षणभराने पकड ढिली झाली आणि कुर्ली तिवरांच्या मुळांकडे तिरकी तिरकी निघून गेली. भावाने माझे मनगट मात्र लगेच सोडले नाही.

अंगठ्याला रुमाल गुंडाळून मी टोपलीपाशी बसलो. आत एक बारकी कुर्ली काठापर्यंत चढली होती आणि खालचीने तिचा पाय पकडला होता. "बघ," मी म्हणालो, "पाय ओढतेय."

"ओढणा नाय, दादा," तो म्हणाला. "तिकाय वर येवचा आसा. हाताक गावला ता धरल्यान."

मराठीचा प्राध्यापक मी, पण इतक्या वर्षांत हा अर्थ मला सुचला नव्हता! मी आणि तो, आम्हीही हाताला लागले तेच धरून बसलो होतो. त्याला माझा पाय दिसत होता, मला त्याचा डेंगा.

आणखी एका कुर्लीचा एक डेंगा दुसऱ्याच्या निम्माही नव्हता. कॉलेजातल्या प्राणिशास्त्राच्या सहकाऱ्याला विचारले, तेव्हा तो म्हणाला, "संकटात सापडली की ती डेंगा स्वतःच टाकून पळते. पुढे कवच बदलताना नवा येतो. पहिल्यांदा लहान असतो. एक-दोनदा कवच बदलले की भरतो."

त्या रात्री आईने केलेले कुर्ल्यांचे सांबारे आम्ही एकाच पंगतीत जेवलो. माझा अंगठा दुखत होता म्हणून डेंगे भाऊच फोडून देत होता. वाटणीचा विषय कोणी काढला नाही.

घराचा प्रश्न सुटला असे म्हणणार नाही. कागद अजून तसेच आहेत. पण या दिवाळीला आम्ही सारे देवबागला जाणार आहोत, आणि हे मला वकिलाने नव्हे, भावाने कळवले आहे. नवा डेंगा आधी लहानच असतो.

यंदा वर्गात मी टोपलीचा दृष्टान्त सांगितला नाही. खडू धरताना अंगठ्यावरचा वण दिसला, आणि वाटले, ज्याच्यावर इतकी वर्षे आळ घेतला, त्याला निदान एकदा तरी आपली बाजू मांडू द्यावी.