थर्मामीटर नेमकं कुणाचं तापमान सांगतो?

मागच्या उन्हाळ्यात मिरचीची रोपं टाकली होती. मोहन्यात दुपारची काहिली तुम्हाला माहीतच आहे, म्हणून दुकानातून लाल रंगाचा थर्मामीटर आणला आणि पंपाच्या खोलीच्या पत्र्याला टांगला. दुपारी बघतो तर ४७! घाबरून रोज जादा पाणी सोडलं. आठ दिवसांत रोपं बुडाशी कुजून आडवी. रोपकोलमड. नंतर तोच थर्मामीटर आंब्याच्या सावलीत टांगला तर दुपारी ३९. बिचाऱ्याची काही चूक नव्हती, माझीच होती.

त्याचं काम साधं आहे. खाली काचेच्या गोळ्यात द्रव, वर केसासारखी बारीक नळी. तापलं की द्रव काचेपेक्षा जास्त फुगतो, जागा पुरत नाही, मग नळीत चढतो. नळी बारीक म्हणून थोडंसं फुगलेलंही बोटभर दिसतं. (आपण ‘पारा चढला’ म्हणतो, पण लाल दिसतो तो पारा नाही. बहुतेक रंगवलेलं अल्कोहोल असतं, ते पाऱ्याच्या सहापट फुगतं.)

म्हणजे हा गडी फक्त स्वतःच्या गोळ्याचं तापमान सांगतो. उन्हात टांगला तर तापलेल्या काचेचं, पत्र्याला टांगला तर पत्र्याचं. म्हणूनच हवामान खातं तो बाजूंना फटी असलेल्या पांढऱ्या लाकडी पेटीत ठेवतं, जमिनीपासून साधारण चार फुटांवर.

आता कृषी सल्ला लिहिणाऱ्या साहेबांना एक विचारायचंय. ‘किमान तापमान इतकं उतरलं तर हे करा’ म्हणता, तो आकडा चार फुटांवरचा. माझा वाल वीतभर. १९३२ सालीच हवामान खात्याच्या एल. ए. रामदास आणि एस. आत्मनाथन यांनी मांडलं होतं की निरभ्र, वारा पडलेल्या रात्री उघड्या जमिनीवर सगळ्यात गार हवा जमिनीला चिकटून नसते, थोडी वर असते, वीतभर-हातभर. त्याच साली पुण्यात खात्याचा कृषी हवामान विभाग सुरू झाला, तो रामदासांनीच सांभाळला. मग सल्ल्यात तापमानासोबत उंची लिहायला काय जातं?

मी आता दोन ठेवलेत. एक सावलीत चार फुटांवर, एक वाफ्यात रोपाच्या उंचीला, वर पांढरी टोपी घालून. आधी दोन्ही बर्फाचा चुरा आणि पाण्यात बुडवून बघितले. एक बरोबर शून्यावर, दुसरा दीड अंश जास्त दाखवतो. त्याच्या पाठीवर पेनाने ‘दीड वजा’ लिहून ठेवलंय.