मुठीवरचे चिन्ह

दिवाळीला नातू कळंबला येतो म्हणून टिकल्यांचे पिस्तूल आणून ठेवण्याचा माझा शिरस्ता. यंदा त्याने ते हातातसुद्धा घेतले नाही. "आजोबा, हे बघा पिस्तूल!" म्हणत मोबाईल माझ्या नाकापुढे धरला. नाव 'समुराई एज'. जपानच्या कॅपकॉम कंपनीने १९९६ साली सुरू केलेल्या 'रेसिडेंट ईव्हिल' या खेळमालिकेतले. मूळ घाट इटलीच्या बेरेटाचा; पण केंडो नावाच्या कारागिराने पोलिसांच्या खास पथकासाठी घडवलेले, मुठीवर पथकाचे चिन्ह. कारागीर कल्पित, पथकही कल्पित. मात्र टोकियोतली एक कंपनी त्याची छर्‍यांची प्रतिकृती खर्‍या पैशांत विकते! धन्य आहे.

म्हटले, पथकच हवे तर आपल्या मुलखात 'आझाद दस्ता' होता. बेचाळीसच्या चळवळीतला. माथेरानच्या भाई कोतवालांचा. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर पोलिसांच्या गोळ्यांनी कोतवाल आणि हिराजी पाटील पडले.

"बंदूक कोणती होती?" त्याने लगेच विचारले.

मी नावे सांगितली होती दोन माणसांची, आणि याला हवे होते तिसरेच. रागावणार होतो; पण टिकल्या आणणारा मीच.

भाऊबीज झाली की त्याला सिद्धगडच्या स्मारकापाशी नेणार आहे. मोबाईल बरोबर घेणार म्हणतो. घेऊ दे.