काय काय उचलतात?

नारायणगावच्या टोमॅटो बाजारात ‘पिकअप’ म्हणजे क्रेट भरून आलेली गाडी. चढाला ती दमली, की तिला ‘पिकअप नाही’. शाळेत मात्र हाच शब्द पोरांना घाम फोडतो. वहीत ‘पिक अप’, पुढे उचलणे, घ्यायला जाणे, सुधारणे, सहज शिकणे. परीक्षा झाली की सगळं सपाट. फ्रेजल व्हर्बला नियम नसतो, ते पाठच करावं लागतं, असं वर्गात सांगतात.

मला हे पटत नाही. टोमॅटोवाल्याच्या पोराला यातले बरेच अर्थ आधीच येतात. 2023च्या जुलैत भावाने उचल खाल्ली, 20 किलोचा क्रेट दोन हजारांच्या वर गेला; भावाची ही उचलही इंग्रजीत ‘पिक अप’च. संशयिताला पोलिसांनी उचललं, मुंबईच्या भाचीनं सुट्टीत इथली बोली उचलली, तिथेही तेच क्रियापद चालतं.

‘उचल’ आणि ‘पिक अप’ची जोडी मोडते ती पैशापाशी. जुन्नर-आंबेगावात ‘उचल’ म्हटलं की आधी पैसाच आठवतो. ‘विघ्नहर’ साखर कारखाना उसाला पहिली उचल किती देणार, ‘भीमाशंकर’ कारखाना किती, यावर गळिताच्या तोंडावर पारावर वाद रंगतात. ऊसतोडीचा मुकादम टोळीसाठी उचल घेतो. तमाशातला कलावंत फडमालकाकडून घेतो, आणि ती फिटेपर्यंत फड सोडणं अवघड. (नारायणगावच्या तमाशापंढरीत फडांच्या राहुट्या पडल्या, की सुपाऱ्यांइतकीच चर्चा या उचलीची.) या उचलीला इंग्रजीत ‘ॲडव्हान्स’ म्हणावं लागतं; पिक अप तिथे उपयोगाचं नाही.

शब्द असा कुठे फसला, तरी रचना जुळते. इंग्रजी स्वतःच्या क्रियापदाला ‘अप’, ‘ऑन’, ‘आउट’ चिकटवते. आपण दुसरं क्रियापद जोडतो. क्रेट उचलून दे, उचलून ठेव, उचलून टाक. कांद्याच्या भावाची मागणी मात्र उचलून धरायची. त्या ‘धर’चा हाताशी काही संबंध उरलेला नाही, तसा ‘गिव्ह अप’मधल्या ‘अप’चा वर-खालीशी नाही. एवढं दाखवलं की निम्मी भीती जाते. राज्यात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, तरी हे दाखवायचं सोडून आपण याद्याच घोकून घेतो.

फळ्यावर ‘पिक अप’ लिहावं आणि वर्गाला विचारावं, तुमच्याकडे काय काय उचलतात? क्रेट येईल, फोन येईल, विडा येईल. मागच्या बाकावरून कुणी ‘गुरुजी हात उचलतात’ म्हणालं, तर त्याला ‘रेज’ लागतं, हेही त्याच तासाला सांगून टाकावं.